सोळा नंबरचं खोकं

"सोळा नंबर आला का हो, भाऊ?"

"नाही, ताई."

एवढंच बोलणं. शेजारच्या खिडकीत बसून मी ते पाच महिने ऐकलं, दर दुसऱ्या शनिवारी. पोस्टात 'आलं नाही' हे उत्तर ऐकून जिचा जीव भांड्यात पडतो अशी बाई मी आजवर एकच पाहिली. बाकीचे लोक याच उत्तरावर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. या बाई मात्र मान डोलवायच्या, "बरं, असू दे," म्हणायच्या आणि बरोबर आणलेलं नवं खोकं काट्यावर ठेवायच्या.

पहिले तीन महिने ते उत्तर खरं होतं. पुढचे दोन महिने ते खोटं होतं. आणि ते देणारा माणूस चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी खोटं बोलल्याचं आमच्यापैकी कुणालाही आठवत नव्हतं.

त्यांना आम्ही पाठीमागे तोळामासा म्हणत असू, तोंडावर काका. अंगकाठीही तशीच होती, पण नाव पडलं ते पार्सलच्या खिडकीमुळे. रोज सकाळी ते रुमालाने काट्याचं ताट पुसायचे, खणातलं एक किलोचं पितळी वजन त्यावर ठेवायचे, आकडा बरोबर एक दाखवतोय ना हे वाकून पाहायचे आणि मगच खिडकी उघडायचे. रांगेतल्या लोकांनी मनगटावरची घड्याळं कितीही नाचवली तरी त्यात फरक पडत नसे. कचेरीचा रबरबँड त्यांच्या खिशातून कधी घरी गेला नाही. पार्सल दहा ग्रॅमने जास्त भरलं तर ते परत करत, मग समोर खुद्द पोस्टमास्तरांची बायको का उभी असेना. लोक बोटं मोडायचे, काका ढिम्म. आज दहा ग्रॅम सोडले तर उद्या पन्नास सोडावे लागतील, असं ते मला समजावून सांगायचे. मी कुठे काही सोडायला सांगितलेलं असायचं? पण सांगायचे.

परमुलखात तैनात असलेल्या सैनिकांची पार्सलं आमच्या पोस्टातून जात. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी बाराला त्यांची वेगळी गाडी यायची आणि लष्करी थैला घेऊन जायची. पुढे जहाज, मग पुन्हा गाडी, असं करत चार आठवड्यांनी तो थैला छावणीत पोचायचा. वजनाची मर्यादा पाच किलो. त्या शनिवारी सकाळपासून आमच्याकडे आया, बायका, म्हातारे बाप यांची रीघ लागायची. पार्सल काकांच्या खिडकीत आणि त्याची पोचपावतीची कार्डं माझ्याकडे, अशी वाटणी होती. तिकडे पार्सल हातात पडलं की सही आणि तारीख होऊन कार्ड परत यायचं. म्हणजे यायला हवं. अर्धी वाटेतच कुठेतरी गळायची.

लाँड्रीवाल्या बाई या रांगेतल्याच एक. नाक्यावरच्या लाँड्रीत त्या इस्त्री करायच्या. नवरा मुलाच्या लहानपणीच गेलेला, आणि तो एकुलता एक मुलगा फौजेत. त्यांचं खोकं लांबून ओळखू यायचं. कोपरे इस्त्री फिरवल्यासारखे धारदार, डाव्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात नंबर, म्हणजे मधलं एखादं गहाळ झालं तर मुलाला कळावं. आणि टेपचं शेवटचं टोक बोटभर दुमडलेलं. तिकडे थंडी फार, हातमोजे घातलेल्या हातांना टेपचं टोक सापडत नाही, म्हणून.

एकदा मी कपडे आणायला गेले तेव्हा त्या खोकं भरत होत्या. इस्त्रीच्या टेबलावर सगळं मांडलेलं. लोकरी मोजे गुंडाळून मगमध्ये बसवले, दाढीची पाती मोज्यांच्या आत सारली, पायाला लावायची पावडर, बॅटरीचे सेल, बिस्किटांचे पुडे. जिथे म्हणून बोटाएवढी फट राहिली तिथे पेपरमिंटच्या गोळ्या ओतल्या. आणि बाजूंना वर्तमानपत्रं. इतर लोक वर्तमानपत्राचे बोळे करून कोंबतात. या बाई पानावर पान ठेवून त्यावर चक्क इस्त्री फिरवत होत्या. मी हसले. त्यांनी सांगितलं की मुलाने कळवलंय, तारखेप्रमाणे लावून पाठव, तो आणि त्याचे दोस्त वाचतात.

"आणि चिठ्ठी?" मी विचारलं. "चिठ्ठी कुठे ठेवता?"

"चिठ्ठी नाही घालत मी," त्या म्हणाल्या आणि इस्त्री जरा जास्तच जोरात दाबली.

मग हळूहळू त्यांनीच सांगितलं. मुलाने फौजेत जाऊ नये म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं होतं. लाँड्रीच्या मालकाशी बोलून त्याला तिथेच चिकटवायचं ठरवलं होतं. तो एक दिवस सही करून आला आणि मग सांगितलं. त्या महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. जायच्या दिवशी तो पाठीला पिशवी लावून लाँड्रीत आला, दारात उभा राहिला, आणि त्यांनी हातातली इस्त्री खाली ठेवली नाही. कुणाचा तरी पांढरा शर्ट होता. बाही पूर्ण होईपर्यंत मान वर करायची नाही असं त्यांनी ठरवलं, आणि मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं. त्याची कार्डं यायची, हे पाठव, ते पाठव, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच, दोन ओळी लिही. त्या मागेल ते सगळं पाठवायच्या. दोन ओळी तेवढ्या पाठवत नव्हत्या.

"माझ्यावरच गेलाय," त्या म्हणाल्या. "तोही हट्टी, मीही हट्टी. बघू कोण थकतं."

त्यांनी हे सहज, जरा कौतुकानेच म्हटलं होतं.

सोळा नंबरचं खोकं त्यांनी एका शनिवारी आणलं. पावणेबारा वाजून गेले होते. धावत आल्या होत्या. काट्यावर आकडा आला पाच किलो एकशे ऐंशी ग्रॅम. काकांनी तो मोठ्याने वाचला आणि खोकं त्यांच्याकडे वळवलं.

"काहीतरी काढावं लागेल, ताई."

बाईंनी सांगितलं की मधाची बरणी आहे, त्याला खोकला झालाय असं कळवलंय त्याने, तीच भरत असेल जास्त, आजच्या दिवस जाऊ द्या. काकांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. मग त्या म्हणाल्या, इथेच उघडते, बरणी काढते, पण पुन्हा चिकटवायला टेप नाही आणली, तुमची देता का? काकांच्या हाताशीच रीळ पडलं होतं. कचेरीची टेप लोकांच्या पार्सलांना लावायची नसते, असं ते म्हणाले. आवाज चढवून नाही. ते कधीच आवाज चढवत नसत. माझ्याही खणात टेप होती. पण माझ्यासमोर रांग होती, बारा वाजत आले होते, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या खिडकीत नाक कशाला खुपसा, असं मला वाटलं. गाडी आली आणि गेली. बाई खोकं पोटाशी धरून पायऱ्या उतरल्या.

सोमवारी त्या परत आल्या. चार किलो आठशे नव्वद. काकांनी लेबलवर वजन लिहिलं, शिक्का मारला, आणि ते खोकं पुढच्या गाडीने म्हणजे पंधरा दिवस उशिरा निघालं. मग त्यापुढच्या गाडीने सतरा नंबरचंही गेलं. आणि त्यापुढच्या शनिवारी बाई आल्या नाहीत. लाँड्रीला चार दिवस कुलूप होतं. समोरच्या बेकरीवाल्याने मला सांगितलं, मी काकांना सांगितलं. ते काटा पुसत होते. त्यांनी रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि "कधी?" एवढंच विचारलं. अकरा तारखेला, मी म्हणाले.

माणूस जातो, पण त्याच्या नावाने निघालेली पार्सलं वाटेतच असतात. ती तिथवर जातात आणि पाठवणाऱ्याकडे परत असा लाल शिक्का घेऊन उलटी येतात. आधी सतरा नंबर आलं. ते जहाजावर चढायच्या आधीच बंदरावरून फिरवलेलं होतं. बाई ते घ्यायला आल्या, कोपऱ्यातला नंबर त्यांनी पाहिला आणि विचारलं, "आणि सोळा?"

"ते नाही आलं, ताई." हे खरंच होतं.

पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा हातात एक पत्र होतं आणि काखेत अठरा नंबरचं खोकं. पत्र मुलाच्या दोस्ताचं होतं. याला ती सगळी पोरं पैलवान म्हणायची, आणि पत्राबरोबर आलेल्या फोटोत तो काडीपैलवानच दिसत होता. त्याची त्या महिन्याच्या सुरुवातीलाच दुसऱ्या छावणीत बदली झाली होती, म्हणून शेवटी तो जवळ नव्हता, याबद्दल त्याने माफी मागितली होती. बाईंनी आम्हाला त्यातला एक तुकडा वाचून दाखवला. खोकं आलं की मुलगा सगळ्यांना गोळा करायचा, एकेक वस्तू काढून वाटायचा, वर्तमानपत्रं तारखेने लावायचा. आणि सगळं संपलं की रिकामं खोकं उलटं करून त्याच्या बुडावर दोन थापा मारायचा. पोरं हसायची, आईने तळाशी सोनं ठेवलंय का रे, म्हणायची. तो काही सांगायचा नाही. पुढच्या खोक्यालाही तसंच करायचा.

बाईंनी पत्राची घडी केली. घड्या त्या सुरेखच करायच्या.

"भाऊ, सोळामध्ये मी चिठ्ठी ठेवली होती," त्या काकांना म्हणाल्या. "अगदी तळाशी. तुम्ही त्या दिवशी परत पाठवलंत ना मला, म्हणून. बरणी काढली तर तेवढी जागा रिकामी राहिली. रविवारभर त्या जागेकडे बघत बसले, आणि मग लिहिलं. तुम्ही जाऊ दिलं असतं तर तेही खोकं बिनचिठ्ठीचंच गेलं असतं."

काका काट्याचं ताट पुसायला लागले.

"सतरा परत आलं, सोळा नाही आलं. म्हणजे मिळालं असणार त्याला. हो ना?"

"पोचपावत्या तिकडे हरवतात, ताई," काका म्हणाले. "त्यामुळे सांगता येत नाही." हेही खरंच होतं. पण बाईंनी त्यातून हवं तेच घेतलं. त्यांनी अठरा नंबर पैलवानाच्या नावाने काट्यावर ठेवलं आणि तेव्हापासून दर खेपेला तो प्रश्न विचारायला सुरुवात केली.

तीन महिन्यांनी सोळा नंबर आलं.

मला त्या दिवशी कळलं नाही. काकांनी माझ्याकडे जुन्या पोचपावत्यांचा एक गठ्ठा मागितला, एवढंच मला कळलं. कुठल्या गाडीचा म्हणाल तर त्या शनिवारचा, ज्या शनिवारी बाईंना परत पाठवलं होतं. मुलगा होता त्या छावणीची पाच कार्डं त्यात होती. पाचांवर तीन तारीख. काकांनी पाची कार्डं खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, कडा सारख्या केल्या, रबरबँड लावला आणि गठ्ठा मला परत दिला. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

आठवड्याने मी मागच्या खोलीत रिकामे थैले आणायला गेले. भिंतीशी थैल्यांच्या मागे काहीतरी झाकून ठेवलं होतं. कापड उचललं तर धारदार कोपरे, डाव्या बाजूला सोळा, आणि बोटभर दुमडलेलं टेपचं टोक. कुणी उघडलेलं नव्हतं. वर लाल शिक्का, आणि बाजूला छावणीत पोचल्याचा, सतरा तारखेचा. परत आलेलं पार्सल वहीत चढवायचं आणि सात दिवसांत पाठवणाऱ्याला कळवायचं, असा नियम. मी वही पाहिली. वहीत सोळा नंबर नव्हतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. त्यांनी नाकारलं नाही, सारवासारवही केली नाही.

"त्या शनिवारचा थैला तीन तारखेला पोचला," ते म्हणाले. "मुलगा अकराला गेला. आठ दिवस, अगं. आठ दिवस ते त्याच्या हातात असतं."

"पण काका, त्यात चिठ्ठी नसती."

"मध तरी मिळाला असता त्याला."

मग त्यांनी काट्याच्या ताटावर तळहात टेकला, आकडा वर गेला, तो पाहत ते हळूच म्हणाले, "आणि ती माझे आभार मानते."

मी त्यांना गप्प राहायचा सल्ला दिला. आजही मला तो चुकीचा वाटत नाही. ती बाई त्या एका 'नाही'वर तग धरून होती, ते तिच्याकडून काढून घ्यायचा अधिकार कुणाला होता? पण काकांना ते पेललं नाही हे मी रोज पाहत होते. पितळी वजन सकाळी दोनदा, तीनदा ठेवून पाहायचे. एकदा एका म्हाताऱ्याचं पार्सल चाळीस ग्रॅम जास्त भरलं, तर काका पाटीकडे बोट दाखवायला गेले आणि हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी त्याला बसायला सांगितलं, स्वतः खोकं सोडलं, काय काढायचं ते विचारलं आणि कचेरीच्या टेपने बंद करून दिलं. पोस्टमास्तर पाहत होते. त्यांचा चहा गार झाला.

काकांच्या निवृत्तीचा दिवस मंगळवारी आला. बुधवारपासून नवा माणूस येणार, मागच्या खोलीतली एकेक वस्तू मोजून ताब्यात घेणार. ते खोकं तुम्ही घरी घेऊन जा, असं मी त्यांना आदल्या दिवशी सुचवून पाहिलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना कुणाचा खिसा कापायला सांगितलाय.

"दुसऱ्याचं आहे ते," म्हणाले.

"मग देऊन टाका."

"'नाही' म्हटल्यावर तिचा चेहरा बघतेस ना तू?"

मंगळवारी दुपारी आम्ही चहा केला, दोघातिघांनी भाषणं ठोकली, सगळ्यांनी मिळून एक छत्री दिली. काकांनी ती घेतली आणि सवयीने हातावर तोलून पाहिली. सगळे हसले, तेही हसले. मग परत खिडकीत जाऊन बसले, कारण पाच वाजले नव्हते.

चारच्या सुमारास लाँड्रीवाल्या बाई आल्या. शनिवार नव्हता, हातात खोकंही नव्हतं. त्यांनी पिशवीतून एक बरणी काढली आणि काकांच्या पुढ्यात ठेवली. झाकणावरचं सीलसुद्धा तसंच होतं.

"बेकरीवाला म्हणाला, आज तुमचा शेवटचा दिवस. तुम्हाला द्यायला काय आणू, कळेना," त्या म्हणाल्या. "मग ही दिसली. त्या दिवशी तुम्ही काढायला लावली ना, तीच. फळीवरच होती. मध खराब होत नाही म्हणतात. तुमच्यामुळे माझी चिठ्ठी गेली, भाऊ. म्हटलं, ही तुमचीच."

काकांनी बरणीला हात लावला नाही. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. ते उठले, मागच्या खोलीत गेले आणि खोकं घेऊन आले. दोन्ही हातांनी. आमच्या खिडकीला बाजूने एक दार आहे, लोकांसाठी ते कधी उघडत नाही. काकांनी ते उघडलं, बाहेर जाऊन बाईंना भिंतीशी बाकावर बसवलं, शेजारी खोकं ठेवलं आणि समोर उभे राहिले.

"हे दोन महिन्यांपूर्वी आलं, ताई. मी तुम्हाला खोटं सांगत होतो."

बाई नंबरकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी बोटाने टेपचं दुमडलेलं टोक चाचपलं.

काकांनी बाकीचंही सांगितलं. त्या शनिवारची गाडी, तीन तारीख, अकरा तारीख, आठ दिवस. काही गाळलं नाही, स्वतःची बाजूही सांगितली नाही. वजनाचे आकडे वाचतात तसं एकेक वाचलं. मला वाटत होतं, आता या बाई ओरडतील, ओरडल्या तर बरं होईल. त्या टेपवरून बोट फिरवत राहिल्या. एक माणूस तिकिटं घ्यायला आला, मी त्याला खुणेनेच परत पाठवलं.

"तिथवर पोचलं होतं का हे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो. सतराला. छावणीचा शिक्का आहे बघा."

त्यांनी शिक्का पाहिला. "बरं केलंत असं मी म्हणणार नाही, भाऊ," त्या म्हणाल्या.

"नका म्हणू."

"पण इतके दिवस मला झोप लागत होती, तेही खरं."

मग त्यांनी टेपचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. खोकं एका ओढीत उघडलं. त्याच्यासाठी तशी सोय केलेलीच होती. एकेक वस्तू काढून त्या बाकावर मांडत गेल्या. मोजे भरलेला मग, पावडर, सेल, बिस्किटं. पेपरमिंटच्या गोळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. बाजूची वर्तमानपत्रं काढली, तारखा क्रमाने होत्या. सगळ्यात खाली पाकीट होतं. ते त्यांनी उघडलं नाही. उलटसुलट करून पाहिलं आणि पर्समध्ये आतल्या कप्प्यात ठेवलं.

"चारच ओळी आहेत," त्या कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या. "फार काही लिहिता येत नाही मला."

आणि मग त्यांनी ते रिकामं खोकं उलटं केलं आणि त्याच्या बुडावर दोन थापा मारल्या. अगदी हलक्या. खाली काही पडलं नाही. मला रडू आवरेना, मी खिडकीची फळी ओढून घेतली आणि आत बसून रडले. काका बाहेर तसेच उभे होते. ते रडले की नाही मला माहीत नाही, फळी बंद होती.

मी ती पुन्हा उघडली तेव्हा बाई खोकं परत भरत होत्या. बिस्किटं आणि चिकटलेल्या गोळ्या तेवढ्या वगळून सगळं पहिल्यासारखं बसवत होत्या, मोज्यांवरून हात फिरवून सुरकुती मोडत होत्या. राहिलेल्या जागी त्यांनी मधाची बरणी ठेवली आणि पिशवीतून, बहुतेक स्वतःच्या घरासाठी घेतलेले, बिस्किटांचे दोन ताजे पुडे काढून घातले.

"ही तुम्हाला नाही देत आता," त्या काकांना म्हणाल्या. "पैलवानालाही खोकला होतच असेल."

काका आत आले, आपल्या खुर्चीवर बसले. खोकं काट्यावर आलं. आकडा जरा हलला आणि थांबला. मी मान लांब करून पाहिलं. पाच किलो एकशे ऐंशी. बाईंनीही वाचला.

"जास्त भरतंय," त्या म्हणाल्या आणि बरणीकडे हात नेला.

"नाही," काका म्हणाले. "बरोबर आहे."

त्यांनी नवं लेबल घेतलं, पैलवानाचा पत्ता बाईंकडून लिहवून घेतला आणि वजनाच्या रकान्यात आपल्या सुबक अक्षरात लिहिलं, पाच किलो. चौतीस वर्षांत त्या रकान्यात त्यांनी लिहिलेला हा पहिला खोटा आकडा. जुन्या पत्त्यावर डिंक लावताना मात्र त्यांचा हात थबकला, कारण खाली मुलाचं नाव होतं. लेबल बाईंनीच घेतलं आणि त्या नावावर ठेवलं. मग तळहाताने मधून कडांकडे, मधून कडांकडे, एकही सुरकुती राहू नये असं सपाट केलं. त्यांना ती सवयच होती.

कचेरीच्या टेपचं रीळ काकांनी हाताशी ओढलं. दोन्ही बाजूंनी टेप लावली, आणि शेवटचं टोक तोडल्यावर ते बोटभर दुमडलं.

"नंबर कितीचा टाकू, ताई? एकोणतीस ना आता?"

"सोळाच राहू दे," बाई म्हणाल्या. "एकदा पोचू दे त्याला."

त्यांनी पावती घेतली, तिची घडी केली आणि पायऱ्या उतरून गेल्या. काकांनी खोकं शनिवारच्या थैल्यात ठेवलं. मग काट्याचं ताट रुमालाने पुसलं, पितळी वजन खणात ठेवून खण बंद केला आणि किल्ली माझ्या हातात दिली. पाच वाजायला अजून दहा मिनिटं होती. ती त्यांनी तिथेच बसून काढली.